वांकलेल्या पिना

घरांतील टेबलाखालीं ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीस सर्रास 'सीपीयू' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः तें नांव त्या पेटीचें नव्हे. पेटींत वीजपुरवठ्याची डबी, पंखे, तबकड्या, तारा असें पुष्कळ सामान असतें; आणि ज्याला सीपीयू अथवा प्रोसेसर हें नांव खरोखर शोभतें तो पदार्थ त्या सर्वांच्या मध्यें, पंख्याखालीं दडलेला, दोन बोटांत धरतां येईल असा एक चौकोनी तुकडा असतो. सबंध वाड्याला देवघरांतील समईचें नांव द्यावें त्यांतलाच हा प्रकार. पण ही चूक आतां इतकी रुळली आहे कीं दुरुस्तीच्या दुकानींहि तीच भाषा चालते, आणि तिच्यापायीं कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें निराळ्याच कारणानें. त्या चौकोनी तुकड्याच्या पोटाखालीं ज्या शेंकडों बारीक पिना असतात त्यांपैकीं एखादी वांकते, आणि काल रात्रीपर्यंत बिनतक्रार चालणारा संगणक आज सकाळीं मुका होऊन बसतो.

या पिना लागतात कशासाठीं, तें आधीं पाहिलें पाहिजे. प्रोसेसर गणित करतो हें खरें. पण त्या गणिताचे आंकडे त्याला बाहेरून मिळावे लागतात, निघालेलें उत्तर बाहेर पोंचवावें लागतें, आणि हें सारें होण्यास वीज लागते. प्रत्येक पिन म्हणजे बाहेरच्या जगाकडे जाणारी एक वाट होय. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें ४००४ या नांवाचा प्रोसेसर बाजारांत आणला, तेव्हां त्याला अवघे १६ पाय होते. आठ एका बाजूस व आठ दुसऱ्या बाजूस, गोमेच्या पायांप्रमाणें ओळीनें लावलेले. १९७८ सालच्या ८०८६ ला ४० पाय झाले. पुढच्याच वर्षीं मोटोरोला कंपनीचा ६८००० आला, त्याला ६४ पाय होते, आणि दोनच ओळींत ते बसवावयाचे म्हणून त्याची लांबी सुमारें आठ सेंटिमीटर करावी लागली. जी वस्तु आंतून नखाएवढी, ती केवळ पायांच्या सोयीसाठीं पट्टीएवढी लांब! ही रीत फार दिवस टिकणार नव्हती हें उघड होतें.

तेव्हां शोधकांनीं ओळी सोडून जाळीचा आश्रय केला. पाय कडेला न लावतां सबंध तळाला लावावयाचे. म्हणजे कंगव्याच्या जागीं केंस विंचरण्याचा ब्रश घ्यावयाचा. १९८५ सालच्या ८०३८६ ला अशा १३२ पिना होत्या, १९८९ सालच्या ८०४८६ ला १६८, आणि १९९३ सालीं आलेल्या पहिल्या पेंटियमला २७३. २००१ सालापासून पेंटियम ४ हा ४७८ पिनांचा मिळूं लागला. एएमडी कंपनीचा अ‍ॅथलॉन ६४ हा २००४ सालीं ९३९ पिनांचा झाला. आणि त्याच कंपनीचा रायझेन २०१७ सालीं आला तेव्हां ४० मिलिमीटर बाजूच्या चौकोनांत १३३१ पिना दाटीनें उभ्या होत्या.

संख्या वाढत गेली तसतशी प्रत्येक पिन किरकोळ होत गेली, आणि सगळ्या दुखण्याचें मूळ येथेंच आहे. ८०४८६ च्या दोन शेजारच्या पिनांमध्यें २.५४ मिलिमीटर अंतर असे व पिनेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास असे. ती जरा धसमुसळेपणा सोशी. पेंटियम ४ मध्यें तें अंतर १.२७ मिलिमीटरवर आलें, आणि पिनेची जाडी सुमारें ०.३ मिलिमीटर व उंची सुमारें दोन मिलिमीटर उरली. रायझेनमध्यें दोन पिनांत एकच मिलिमीटर अंतर आहे. जुन्या चिनीमातीसारख्या तळाच्या प्रोसेसरांत पिना लोखंड, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूच्या असत व त्या तळास डागून पक्क्या बसविलेल्या असत. हा मिश्रधातु निवडण्याचें कारण असें कीं तापल्यावर तो त्या तळाइतकाच फुगतो, आणि सांध्याला तडा जात नाहीं. पुढें तळ कांचतंतूंच्या पुठ्ठ्याचा झाला, तेव्हां पिना नुसत्या डाख देऊन बसवूं लागले. साहजिकच त्यांची मुळाशीं असलेली पकड पूर्वीसारखी राहिली नाहीं. दोन्हींवर वरून निकेलचा व त्यावर सोन्याचा मुलामा असतो. तो शोभेसाठीं नाहीं. सोन्यावर गंज चढत नाहीं, म्हणून वर्षानुवर्षें पिनेचा व सॉकेटाचा स्पर्श निर्मळ राहतो.

सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरील, पिनांइतक्याच छिद्रांची चौकट. आरंभीं पिना त्यांत दाबून बसवाव्या लागत, आणि दीडशें पिनांचें घर्षण एकदम जिंकावयाचें म्हणजे चांगलाच जोर लागे. काढतांना तर चारी बाजूंनीं थोडें थोडें उचकटावें लागे. पुढें तरफेचें सॉकेट आलें व हा त्रास संपला. तरफ उभी केली कीं छिद्रें सैल होतात, प्रोसेसर स्वतःच्या वजनानें आंत उतरतो. तरफ आडवी केली कीं वरची पट्टी किंचित् सरकते व प्रत्येक पीन बाजूच्या जिभेवर दाबली जाते असें म्हणण्यापेक्षां, प्रत्येक पिनेला तिच्या धातूच्या जिभेची मिठी बसते असें म्हणणें अधिक योग्य. परंतु ही मिठी आडवी आहे हें ध्यानांत धरावें. प्रोसेसरला वरून दाबून धरणारें असें या सॉकेटांत कांहींच नाहीं.

आतां अपघात कसा घडतो तें पाहावें. बहुतेकांस वाटतें कीं पिना प्रोसेसर बसवितांना वांकतात. तशा त्या वांकतात खऱ्या: प्रोसेसर हातांतून निसटून फरशीवर पडतो, किंवा उलट्या दिशेनें ठेवून अंगठ्यानें दाबला जातो. एका कोपऱ्यांत बारीक त्रिकोण कोरलेला असतो, तो सॉकेटावरील त्रिकोणाशीं जुळवावयाचा, एवढी एकच गोष्ट पाहावयाची असतां लोक ती पाहत नाहींत. परंतु घरगुती संगणकांत पिना विशेषेंकरून वांकतात त्या प्रोसेसर काढण्याचा कोणाचाहि हेतु नसतांना. प्रोसेसर तापतो म्हणून त्यावर पन्हळीदार धातूचा ठोकळा व पंखा बसविलेला असतो, आणि दोहोंमध्यें उष्णता नीट वाहावी म्हणून पेस्टचा पातळ थर असतो. पांच-सात वर्षांत ती पेस्ट सुकते व डिंकासारखी चिकट होते. पंखा घरघरूं लागतो, दिवाळीच्या साफसफाईंत कोणीतरी उत्साही मनुष्य धूळ काढावयास बसतो, ठोकळ्याच्या खिट्ट्या सोडतो आणि ठोकळा सरळ वर ओढतो. ठोकळा येतो, त्याला चिकटून प्रोसेसरहि येतो. तरफ बंदच असते. ती उघडावी म्हटलें तरी बहुधा उघडतां येत नाहीं, कारण ती ठोकळ्याच्याच खालीं झांकलेली असते. सगळा प्रोसेसर सरळ वर आला तर निभावतें. पण हात थोडा तिरपा असतोच, आणि मग ज्या ओळी शेवटीं सुटतात त्यांतील पिना कलंडतात.

हा अपघात टाळण्याचा उपाय सोपा आहे, आणि तो न केल्याबद्दल कोणी दुकानदार हळहळतो असें मात्र दिसत नाहीं. पंखा काढण्यापूर्वीं संगणक दहा-पंधरा मिनिटें चालवून कांहीं तरी जड काम त्याला द्यावें, म्हणजे पेस्ट कोमट होऊन मऊ पडते. मग यंत्र बंद करून, वीज काढून, ठोकळा वर न ओढतां प्रथम डावीकडे-उजवीकडे अगदीं थोडा फिरवावा. उंबऱ्याला चिकटलेला ओला पाट जसा उचलत नाहींत, सरकवितात, तसें हें आहे. चिकटपणा सुटल्याचें हाताला कळतें.

पिन वांकली असतां प्रोसेसर बसत नाहीं, हें उत्तम लक्षण समजावें. कारण त्यामुळें निदान दोष तरी कळतो. वाईट तेव्हां होतें जेव्हां पिन पुरती आडवी होऊन तळाशीं चिकटते आणि प्रोसेसर वरकरणीं नीट बसल्यासारखा दिसतो. मग लक्षणें चित्रविचित्र होतात. कधीं पंखा फिरतो पण पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. कधीं संगणक सुरू होतो, पण बसविलेल्या स्मृतीपैकीं निम्मीच ओळखतो. या दुसऱ्या प्रकाराचें कारण मनोरंजक आहे. पूर्वीं स्मृतीचा कारभार मदरबोर्डावरील वेगळ्या चिपकडे असे. एएमडीनें २००३ सालच्या अ‍ॅथलॉन ६४ पासून तो प्रोसेसरच्याच पोटांत घेतला. तेव्हांपासून कित्येक पिना थेट स्मृतीच्या पट्ट्यांकडे जाऊं लागल्या, आणि त्यांतील एक आडवी झाली कीं एक पट्टी हरवते. दुकानांत अशा वेळीं स्मृतीची पट्टी बदलतात, मग मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला देतात. प्रोसेसर उलटा करून भिंगाखालीं पाहण्याचें शेवटपर्यंत कोणास सुचत नाहीं. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे वांकलेली पिन शेजारणीला टेंकणें. एक पिन वीज आणणारी व दुसरी ती परत नेणारी असेल तर यंत्र सुरू करण्याच्या क्षणींच सर्व खेळ आटोपतो. म्हणून संशय असतां आधीं पाहावें, मग वीज द्यावी.

पिन सरळ करावयास बसण्यापूर्वीं धातूचा एक स्वभाव जाणून घेणें अवश्य आहे. तार मागें-पुढें वांकवून तोडण्याचा खेळ प्रत्येकानें लहानपणीं खेळलेला असतो. तार वांकते तेव्हां तिच्या आंतील कणांचे थर एकमेकांवरून सरकतात. सरकतांना ते परस्परांत गुंततात, आणि ती जागा पूर्वीपेक्षां कठीण होते. कठीण झाली म्हणजे बळकट झाली असें नव्हे. पुढच्या एक-दोन वांकण्यांत तेथेंच चीर पडते. यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं पिनेला सरळ होण्याची संधि एकदांच, फार तर दोनदां मिळते. थोडें इकडे, थोडें तिकडे, पुन्हां इकडे अशी चाळवाचाळव करणारा हात पिन हटकून मोडतो. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. वांकलेली जागा कठीण झालेली असल्यामुळें पिनेच्या शेंड्याला धरून ढकललें असतां ती त्या जागीं सरळ होत नाहीं, तर तिच्या शेजारच्या मऊ जागीं उलटी वांकते; पिनेला नागमोडी आकार येतो, आणि मग ती छिद्रांत जाण्याची आशाच उरत नाहीं. म्हणून जोर शेंड्याला न देतां बांकाच्या लगत द्यावा लागतो.

या कामीं जगांतील सर्वांत उपयुक्त हत्यार म्हणजे शाळकरी मुलाची शिसें घालावयाची पेन्सिल होय. तिच्यांतील शिसें काढून टाकलें कीं टोंकाशीं जी धातूची पोकळ नळी उरते, ती पिनेवर बरोबर चढते. अलीकडच्या बारीक पिनांस अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिल व ८०४८६ च्या जाड पिनांस ०.७ मिलिमीटरची पेन्सिल चालते. नळी पिनेवर अल्लद सरकवून बांकापर्यंत न्यावी, म्हणजे वरचा भाग नळीच्या आधारानें ताठ राहतो व जोर नेमका बांकावर येतो. मग पेन्सिल एकाच सावकाश हालचालीनें उभी करावी. जेथें पिना फारच दाट आहेत तेथें टोंक घासून बोथट केलेली इंजेक्शनची सुई अधिक सोयीची पडते. ओळच्या ओळ थोडी कलली असेल तर एक-एक पिन उचलीत बसूं नये. जुनें एटीएम कार्ड किंवा दाढीचें पातें दोन ओळींच्या मधल्या गल्लींत घालून सबंध ओळ किंचित् रेटावी, आणि नंतर प्रोसेसर काटकोनांत फिरवून दुसऱ्या दिशेच्या गल्लींतूनहि तेंच करावें. आडवी पडलेली पिन प्रथम सुईच्या अथवा पात्याच्या टोंकानें नळी चढण्यापुरती वर उचलावी.

काम चांगल्या उजेडांत, भिंग घेऊन, बसून करावें. नायलॉनचे कपडे, गालिचा व कोरडी हवा यांच्या योगानें अंगांत जी वीज सांचते ती प्रोसेसरला घातक आहे. तेव्हां आरंभीं व अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावीत जावा. प्रोसेसर कडेनें धरावा. पिना सरळ झाल्या कीं नाहीं हें वरून पाहून समजत नाहीं. प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीवर धरून कडेनें पाहावें. सैनिकांच्या रांगेंतील एखादा शिपाई पाऊलभर पुढें उभा असला तर रांगेच्या टोंकाशीं उभ्या असलेल्या सुभेदारास जसा चटकन दिसतो, तशी बाहेर आलेली पिन दिसते. चारी बाजूंनीं, आणि तिरप्या ओळींनींहि, अशी पाहणी झाल्यावर तरफ उभी करून प्रोसेसर सॉकेटावर नुसता ठेवावा. तो आपण होऊन आंत उतरला पाहिजे. न उतरला तर उचलून पुन्हां पाहावें. येथें बोटानें दिलेला एक दाब अर्ध्या तासाचें काम फुकट घालवितो.

इतकें करूनहि पिन मोडली तर? सर्व कांहीं संपलें असें समजूं नये. पेंटियम ४ च्या ४७८ पिनांपैकीं अर्ध्याहून अधिक पिना केवळ वीज आणण्याच्या व परत नेण्याच्या कामाच्या आहेत. एकच काम अनेकींवर वांटलेलें असल्यानें त्यांतील एक गेली तरी यंत्र बहुधा पूर्ववत् चालतें. कांहीं पिना तर निर्मात्यानें राखीव ठेवलेल्या, कशालाहि न जोडलेल्या असतात. कोणती पिन कशाची, याचे तक्ते त्या त्या कंपनीनें प्रसिद्ध केलेले आहेत. मोडलेली जागा त्यांत शोधून पाहावी आणि मगच रडावें. मोडलेली पिन संदेश वाहणारी निघाली तर मात्र दुसऱ्या एखाद्या मेलेल्या प्रोसेसरची पिन काढून ती तेथें डाखावी लागते. घड्याळजीच्या हाताचा मनुष्य हें करूं शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा हातांची वाण नाहीं, पण त्यांना गांठण्यास थोडी पायपीट करावी लागते.

एवढा खटाटोप एका जुन्या तुकड्यासाठीं कां करावा, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. नवा संगणक घेणें सोपें आहे हें खरें. परंतु महाराष्ट्रांतील कित्येक छापखान्यांत व लेखकांच्या घरीं याचें उत्तर निराळें येईल. संगणकावर देवनागरी लिहिण्याची आजची सर्वमान्य युनिकोड पद्धति रूढ होण्यापूर्वीं, १९९० च्या दशकांत, मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींनीं जुळविला जाई. प्रत्येकीची अक्षरांची मांडणी निराळी. एकीचा मजकूर दुसरींत उघडला तर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसावा. त्या काळच्या कांहीं प्रणाली तर संगणकाच्या मागें समांतर पोर्टाला एक कुलूपवजा डबी लावल्यावांचून चालत नसत, आणि तें पोर्ट नव्या यंत्रांना नसतें. ज्या घरीं कोणा वडिलांचें आत्मचरित्र किंवा एखाद्या मासिकाचे दहा वर्षांचे अंक अशा मजकुरांत पडून आहेत, तेथें १९९९ सालचा तो पिंवळा पडलेला संगणक हीच एकमेव किल्ली असते. त्याच्या जोडीचा प्रोसेसर कोणी आतां तयार करीत नाहीं.

उलट असे प्रोसेसर दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि त्यांचा नाश करणारें कारण तेंच आहे ज्यानें त्यांना टिकाऊ केलें. पिनांवरील सोनें! चिनीमातीच्या तळाचे जुने प्रोसेसर भंगाराच्या बाजारांत किलोच्या भावानें विकले जातात व अम्लांत बुडवून त्यांचा मुलामा उतरविला जातो. १९९५ सालच्या पेंटियम प्रोला ३८७ पिना असून त्याच्या झांकणावरहि सोनें आहे, म्हणून त्याच्यावर या व्यापाऱ्यांचा डोळा सर्वाधिक. पिना वांकलेला प्रोसेसर 'बाद' ठरून प्रथम त्याच वाटेनें जातो, वास्तविक त्याला पंधरा मिनिटांची व एका पेन्सिलीची गरज असते.

नव्या संगणकांत हें दुखणें जागा बदलून बसलें आहे. इंटेलनें २००४ सालीं ७७५ स्पर्शांच्या सॉकेटापासून पिना प्रोसेसरवरून काढून मदरबोर्डावर नेल्या. एएमडीनें घरगुती प्रोसेसरांत तेंच २०२२ सालीं केलें. आतां प्रोसेसरचा तळ सपाट असतो, वरून पत्र्याची चौकट त्याला दाबून धरते, आणि पंख्याबरोबर तो उपटून येत नाहीं. मात्र सॉकेटांतील त्या नव्या पिना सरळ सुया नसून तिरप्या, दुमडलेल्या स्प्रिंगा असतात. त्यांच्यावर पेन्सिलीची नळी चढत नाहीं. सुईच्या टोंकानें, शेजारणीकडे पाहून, तोच तिरपेपणा तिला परत द्यावा लागतो, आणि तें काम सरळ पिन उभी करण्यापेक्षां कितीतरी कठीण आहे. म्हणून मदरबोर्डाबरोबर सॉकेटावर येणारें प्लॅस्टिकचें झांकण फेंकून देऊं नये. प्रोसेसर काढून ठेवण्याचा प्रसंग येईल तेव्हां तें पुन्हां तेथेंच बसवावें; आणि जुना पिनांचा प्रोसेसर काढून ठेवावयाचा असेल तर तो कापसांत किंवा रुमालांत न गुंडाळतां, पिनांना धक्का लागणार नाहीं अशा कडक डबींत ठेवावा, कारण कापसाचे तंतु पिनांत अडकतात आणि ते ओढून काढतांना पिना पुन्हां वांकतात.